दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

"पोरींनो, घाई करायची नाही. आधी खडू, मग टाचण्या, मग कात्री. कात्री एकदा चालली की मागे फिरत नाही. आणि चुकलं तर चुकलं. त्यात रडायचं काय? उसवायचं आणि परत घालायचं."

आई टेबलावर वाकून बोलत होती आणि तिची मुलगी स्टुलावर उभी राहून वरून फोन धरत होती. फोनमध्ये दिसायचे ते फक्त आईचे हात. तोंड दाखवायला आई पहिल्या दिवसापासून तयार नव्हती. "माझ्या थोबाडाकडे बघून कुणाला शिवण येणार आहे?" असं म्हणून तिने तो विषय कायमचा मिटवला होता.

"झालं?" आईने मान वर केली.

"झालं," मुलगी म्हणाली आणि स्टुलावरून उतरली. तिचा दंड भरून आला होता.

मुलीला घरात टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोचरी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील गेल्यापासून घरात दोघीच. एक खोली, तिच्यात मशीन, बेतायचं टेबल आणि भिंतीला टेकून पुस्तकं.

'चुकलं तर चुकलं' हे आईचं वाक्य आलं की टाचणीला लाकडी पट्टी आठवायची. लहानपणी एकदा आई बाहेर गेलेली बघून तिने बाहुलीचा झगा शिवायला घेतला होता. सुई मोडली. आई आली आणि तिने लाकडी पट्टी अशी बोटांवर ओढली की दोन दिवस पेन धरवलं नाही. "परत मशीनला हात लावलास तर बघ. पुस्तक घे आणि बस." तेव्हापासून घराचा कायदा ठरला. आईने पाठ मोडून शिवायचं आणि मुलीने मान मोडून वाचायचं. टाचणीला साधं बटण लावता येत नव्हतं, आणि आई ते शेजारीपाजारी अभिमानाने सांगायची.

आणि आता तीच आई जगभरच्या पोरींना म्हणत होती, रडायचं काय त्यात.

बरं, हे सगळं टाचणीनेच ओढवून घेतलं होतं. तयार कपड्यांमुळे आईचं काम बंद पडत आलं, तेव्हा एका दुपारी तिने गंमत म्हणून कॉलर बेतताना आईचे हात टिपले आणि इंटरनेटवर सोडून दिले. हात बघायला माणसं गोळा होतील असं कुणाला वाटलं होतं? पण झाली. कुठल्या कुठल्या बायका, मुली, दोन-चार पुरुषसुद्धा. खाली इस्त्रीचं दुकान चालवणारे काका येता-जाता चिडवायचे, "वहिनी, हात तर फेमस झाले, आता उरलेल्या तुम्ही कधी होणार?"

आई अक्षरं उशिरा शिकली. टाचणीच्याच पहिलीच्या पुस्तकावर. अजूनही वाचायची ती कच्चा टाका घातल्यासारखी, एक अक्षर, थांबायचं, पुढचं अक्षर. म्हणून लोक व्हिडिओखाली जे लिहीत ते टाचणी वाचून दाखवायची. आई मशीन चालवता चालवता उत्तर सांगायची आणि टाचणी ते टाइप करायची.

या गोळा झालेल्या लोकांत एक मुलगी होती. तिचं नाव दोघींनाही कधी नीट कळलं नाही. तिच्या पहिल्या फोटोत लाल रंगाचं मशीन होतं, म्हणून आईने तिला लाल मशीनवाली करून टाकलं. ती दूर कुठेतरी एकटी राहायची, दिवसा नोकरी करायची. शिवलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो पाठवायची आणि सुरुवात करायची ती 'आई' अशी.

"लाल मशीनवालीचं काही आलं का गं?" जेवताना पहिला घास घ्यायच्या आधी आईचा प्रश्न ठरलेला.

"माझी परीक्षा कशी गेली ते विचारलंस का?"

"तुझी चांगलीच जाणार. तिची कॉलर बसली का ते बघ."

कॉलर बसली होती. फोटो आला तेव्हा आईने चष्मा पुसला, फोन जवळ घेतला आणि काचेवरच्या त्या कॉलरीच्या टोकावरून अंगठा फिरवला. हळूच, जसा कुणाच्या कपाळावरून फिरवतात. "बघ, टोक कसं काढलंय. हात असावेत तर असे."

टाचणीने आपले हात मांडीखाली घेतले. वर्षानुवर्षं तिच्या गुणपत्रिका या घरात आल्या होत्या. त्यांच्यावरून आईचा अंगठा असा कधी फिरला नव्हता.

त्याच आठवड्यात कॉलेजात टाचणीचं भाषण ठरलं. विषय, इंटरनेट आणि आपलं रोजचं जगणं. तिने दोन पानं लिहूनही काढली. जग जवळ आलं, ज्ञान खुलं झालं, वगैरे. आईने ऐकलं आणि कपाटातून निळं कापड काढलं. कुठल्याशा मोठ्या ऑर्डरीतून उरलेलं, जपून ठेवलेलं. "भाषणाला नवं जाकीट शिवते तुला."

टाचणी हरखली. आईने तिच्या खांद्याचं माप घेतलं, गळ्यात टेप तसाच ठेवून म्हणाली, "आणि असं करू, याचाच धडा करू. पोरी कधीच्या जाकीट मागतायत."

म्हणजे जाकीटही त्यांचंच झालं.

धड्याचे पहिले दोन भाग गेले. त्यांत पाठ, समोरच्या दोन बाजू आणि खिसे झाले. लाल मशीनवाली बरोबरीने शिवत होती. तिसरा भाग बाह्यांचा होता, तो अजून व्हायचा होता. आई खाली इस्त्रीवाल्याकडे गेली असताना लाल मशीनवालीचा निरोप आला.

'आई, मला सुट्टी आजच आहे, म्हणून बाह्या आज बेतते. दोन तुकडे एकावर एक ठेवून एकदमच कापले तर चालेल का? कापड माझ्या आईच्या कपाटातलं आहे. ती गेल्यावर एवढंच राहिलंय. म्हणून भीती वाटते.'

टाचणीने ते दोनदा वाचलं. उत्तर तिला ठाऊक होतं. शिवता येत नसलं तरी स्टुलावर उभं राहून कान थोडेच बंद होतात? तुकडे एकावर एक ठेवायचे, पण सुलटी बाजू सुलट्या बाजूला लावून. तसं केलं नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. नवशिकी शिंपीण हमखास चुकते ती इथेच.

खालून आईचं हसणं ऐकू आलं. इस्त्रीवाल्याला ती सांगत होती, "अहो, ती पोरगी म्हणजे माझीच सावली आहे. पोटची नाही एवढंच."

टाचणीचा अंगठा काचेवर थांबला. मग तिने लिहिलं, 'हो. चालेल. काप.' आणि पाठवून दिलं.

आईला तिने तो निरोप वाचून दाखवला नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही आलं."

दोन दिवसांनी फोटो आला. त्या वेळी फोन नेमका आईच्या हातात होता. इस्त्रीवाले काका वर आले होते आणि आई त्यांना हौसेने जुने फोटो दाखवत होती. अक्षरं वाचायला आईला वेळ लागायचा, कापड वाचायला लागत नसे. लहान पिवळ्या फुलांच्या दोन बाह्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या होत्या. दोन्ही उजव्या.

"अरेरे," आई म्हणाली. "टाचणे, काय लिहिलंय खाली?"

टाचणीने वाचलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आई, तुम्ही सांगितलं तसंच कापलं. तुमचं चुकणार नाही, माझंच काहीतरी राहिलं असेल. आता कापड उरलं नाही."

आईने फोन टेबलावर ठेवला. "मी सांगितलं? कधी?"

इस्त्रीवाले काका शहाणा माणूस, "निखारे विझतील," असं पुटपुटत खाली गेले. आईने मुलीकडे पाहिलं, आणि जे बघायचं ते बघून घेतलं. टाचणी वाट बघत होती, आता पट्टी उचलेल, आता शिवी देईल. आईने विचारलं ते एवढंच, "तुला माहीत होतं ना?"

टाचणीने मान डोलावली.

"का गं?"

"तिला म्हणतेस, चुकलं तर रडायचं नाही." टाचणीच्या तोंडून शब्द टाचण्यांसारखे सांडले. "मला मारलं होतंस तू. सुई मोडली म्हणून. मला कधी बस म्हणाली नाहीस शेजारी. सगळ्या तुझ्या पोरी, आणि मी? मी स्टूल!"

आईने टेबलावरचा खडूचा तुकडा उचलला. "माझी पाठ बघितलीस?" ती म्हणाली. "तुझी अशी होऊ नये म्हणून मारलं. त्यांच्या पाठीची काळजी करायला त्यांची माणसं आहेत. त्यांना प्रेमाने शिकवायला माझं काय जातं?" मग म्हणाली, "चढ स्टुलावर. फोन लाव."

आईने टाचणीचं निळं कापड पसरलं. बाह्यांचे दोन तुकडे एकावर एक ठेवले, दोन्ही सुलट्या बाजू वर. टाचणीला दिसत होतं काय होणार आहे. "आई, माझं जाकीट…" ती म्हणेपर्यंत कात्री चालली होती.

"पोरींनो," आई फोनला म्हणाली, "परवा माझ्याकडून एकीला चुकीचं सांगितलं गेलं. चूक माझी. तिची नाही. तर आता अशा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या, तर काय करायचं ते बघा. नवं कापड लागत नाही."

तिने एक बाही, सुलटी बाजू वरच ठेवून, डाव्या हाताची म्हणून धरली. जी बाजू पुढे आली ती मुंढ्याला, जिथे बाही खांद्याला जोडतात तिथे, अजून खोल कापली. मागे गेलेली बाजू कमी पडत होती, तिथे काखेत, कापलेल्याच कातरणातला तिकोनी तुकडा कच्च्या टाक्यांनी बसवला. "जोड काखेत जातो. हात खाली असला की कुणाला दिसत नाही. वर केला तर दिसेल. दिसू दे."

चित्रीकरण थांबल्यावर टाचणी खाली उतरली, तसं आईने स्टूल पायाने मशीनपुढे ओढलं. "बस."

"मला येत नाही."

"माहीत आहे. तुकडा कच्चा आहे, तो पक्का कर. पाय हळू दाब. आणि बोट सुईखाली घालू नकोस, शहाणे."

टाके वाकडे गेले. आईने एकदाही उसवायला लावलं नाही.

त्या संध्याकाळी टाचणीने लाल मशीनवालीला स्वतःच्या नावाने लिहिलं. ते उत्तर आईचं नव्हतं, माझं होतं. आईला वाचायला वेळ लागतो म्हणून तिची उत्तरं मी लिहिते. आईला यातलं काही माहीत नव्हतं. मला क्षमा कर. लिहून झाल्यावर तिला मोकळं वाटलं. खरं बोललं की सगळं ठिकाणावर येतं, असं तिला त्या वयात वाटत होतं.

भाषणाला ती निळं जाकीट घालून गेली. दोन पानं बरोबर होती, ती तिने उघडलीच नाहीत. "लोक म्हणतात इंटरनेटमुळे माणसं थेट जोडली गेली," ती म्हणाली. "आमच्या घरी ती थेट जोडलेली नाहीत. मध्ये मी बसलेली असते. मी वाचते, मी लिहिते. माझ्या मनात काय आहे ते पलीकडच्या माणसाला दिसत नाही. त्याला वाटतं, आईच बोलतेय. प्रत्येक घरी असं मध्ये कुणीतरी बसलेलं असेल, आणि ते कसं आहे यावर सगळं आहे." मग तिला पुढे सुचेना, ती खाली उतरली. सरांनी शेरा मारला, "आवाज चांगला. विषयाला धरून बोलायला हवं होतं."

लाल मशीनवालीचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. आई मशीनवर होती, टाचणी शेजारी बसून जुन्या कापडावर सरळ टीप घालायचा सराव करत होती. फोन वाजला तशी आई म्हणाली, "तीच का गं? वाच."

फोटो होता. पिवळ्या फुलांचं जाकीट, पुरं झालेलं. काखेतला जोड नीट, टाचणीच्या जोडापेक्षा कितीतरी नीट. खाली दोन ओळी.

'मॅडम, तुमच्या व्हिडिओप्रमाणे बाही दुरुस्त झाली. धन्यवाद.'

एवढंच. पुढे प्रश्न नव्हता, सुट्टी कधी आहे ते नव्हतं. या 'आई'ला आपण जे जे लिहिलं ते आधी कुणी वाचलं आणि आलेली मायेची वाक्यं नक्की कुणाची होती, हे त्या मुलीने मनात उसवून बघितलं असणार. प्रत्येक वाक्य आईनेच सांगितलेलं होतं, एकच सोडून. पण ते आता तिला कोण पटवणार?

"वाच की," आई म्हणाली.

टाचणीने घसा साफ केला. "आई," तिने वाचलं, "तुमच्या व्हिडिओप्रमाणे बाही दुरुस्त झाली. धन्यवाद."

आईने मशीन थांबवलं. "फोटो बघू," म्हणत ती वाकली. जाकिटावरून तिची नजर खाली ओळींवर आली आणि पहिल्या शब्दापाशी थांबली. ओठ हलले, आवाज न करता. एक अक्षर. थांबली. पुढचं अक्षर. थांबली. आणखी एक.

टाचणीला फोन मागे घ्यायचा होता, पण तो तिने तसाच धरून ठेवला.

आई सरळ झाली. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. खाली इस्त्रीवाला कुणाशी तरी हसत बोलत होता.

"छान वाचतेस," आई म्हणाली.

मग तिने टाचणीच्या हातातलं कापड ओढून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्या वाकड्यातिकड्या टिपेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अंगठा फिरवला.