मिस एल्वाचा ठावठिकाणा

थॅडियस मॉक्सीनं आयुष्यभर होड्या बांधल्या, पण पोहायला काही तो शिकला नाही. स्नॅपर क्रीकच्या धक्क्यावर बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळत बसणारी म्हातारी मंडळी त्याला त्यावरून छळत. थॅडचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्याला होडी धड बांधता येत नाही, त्यानं पोहायला शिकावं." मंडळी हसत आणि सोंगट्या पुन्हा फळीवर आपटायला लागत.

त्याचा सगळ्यात जास्त जीव होता तो 'मिस एल्वा'वर. एल्वा त्याची बायको. ती गेली त्या वर्षी त्यानं ही शिडाची होडी बांधायला घेतली, आणि पुढं कितीतरी एप्रिल ती एक्झुमा बेटावरच्या होड्यांच्या शर्यतीत धावली. कधी पहिली आली, कधी शेवटून दुसरी. शेवटून दुसरी आली की दोष वाऱ्याचा असे. मग दोन वर्षांपूर्वी थॅड फळ्यांच्या माचीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि नासाऊच्या हॉस्पिटलात महिनोन् महिने अडकून पडला. तिथंच एक दिवस त्याच्या मुलीनं, ऑर्लीननं, त्याला सांगितलं की मिस एल्वा एक्झुमाच्या एका माणसाला विकली. माणूस चांगला आहे, तिला शर्यतीत उतरवणार आहे, फक्त रंग आणि नाव तेवढं बदलणार आहे. थॅडनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "उतरवणार असेल तर असू दे."

घरी आल्यावर एप्रिल उजाडला की तो रेडिओला कान लावून बसे. नाव बदललेलं, म्हणजे होडी ओळखायची ती चालीवरूनच. पहिल्या वर्षी त्याला काही पत्ता लागला नाही. यंदा मात्र एक निळी होडी जिंकली. शेवटच्या वळणाला वारा पडला, बाकीच्यांची शिडं लोंबली, तरी निळी हळूहळू पुढं सरकतच राहिली, असं रेडिओवाला म्हणाला आणि थॅडनं मांडीवर थाप मारली. अशी सरकणारी होडी जगात एकच होती. दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावर त्याचं निळीचं पुराण सुरू झालं, ते सगळ्यांना तोंडपाठ होईपर्यंत चाललं. आणि घरी ऑर्लीनच्या मागं टुमणं. एकदा मला एक्झुमाला ने, एकदा तिला डोळ्यांनी बघू दे, मग मी डोळे मिटायला मोकळा. ऑर्लीन म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. खुब्याचं कारण सांगायची, सुट्टीचं सांगायची, आणि कारणं संपली की भांडी घासायला उठायची.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी भांडी घासता घासता तिनं पाठमोरीच सांगितलं की शनिवारी ती कामाला जाते त्या बेटावर कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलंय, तुम्ही चला. एक्झुमाचं मग बोलू. थॅडला एवढं पुरे होतं. त्यानं लग्नकार्याची हॅट झटकून ठेवली.

बेट म्हणजे बकरबेट. थॅडच्या लहानपणी तिथं रानशेळ्यांशिवाय कुणी राहत नव्हतं. मग क्रूझवाल्या कंपनीनं ते घेतलं, शेळ्या हलवल्या, वाळू चाळून पसरली, आणि 'ब्लिस' असं नाव ठेवलं. स्नॅपर क्रीकची मंडळी अजून बकरबेटच म्हणत. जहाज लागलं की वस्तीतली अर्धी माणसं तिकडं कामाला जात. ऑर्लीनकडं पाण्याखालचं खातं होतं. मास्क, श्वासाच्या नळ्या, रबरी पंजे वाटायचे आणि पाहुण्यांच्या टोळ्यांना खाडीत नेऊन मासे दाखवायचे.

शनिवारी थॅड उतरला तेव्हा पलीकडे पांढरं जहाज उभं होतं. सबंध वस्ती एकावर एक रचली असती तरी त्याच्या निम्म्यापर्यंत पोचली नसती. थॅडनं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हे जहाज नव्हे, चाळ आहे, असा निकाल दिला. वाळूवर माणसं ओळीनं भाजत पडली होती. कुणी उताणं, कुणी पालथं. गोड सरबताचा, तेलाचा आणि जळक्या मांसाचा वास वाऱ्यावर मिसळून येत होता, आणि ढोलाचा आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. थॅडला कुणीतरी शंखाच्या मांसाची कोशिंबीर आणून दिली. मिरची कमी होती, पण त्यानं तक्रार केली नाही. माडांच्या सावलीत बसून त्याला छान गुंगी आली. सगळं बेट त्याला कुणाच्यातरी दुपारच्या झोपेत पडलेलं वाटत होतं, आणि आपण त्या झोपेत चुकून शिरलोय असं.

"चला बाबा, पाण्यात," ऑर्लीन म्हणाली.

तिनं तरंगायचं नारिंगी जॅकेट आणलं होतं. थॅडनं त्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. मुलीचा चेहरा उतरला होता. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. इतर वेळी त्यानं साफ नकार दिला असता, पण त्या चेहऱ्यापुढं त्याला नाही म्हणवेना. शिवाय एक्झुमाचं बोलणं अजून व्हायचं होतं.

समुद्राचा तळ त्यानं पाहिला नव्हता असं नाही. तळाला काच लावलेली बादली पाण्यावर धरून तो पोरवयापासून शंख हेरत आला होता. पण तो तळ बादलीएवढा गोल, आणि डोकं वरच्या उन्हात. आता त्यानं मास्क चढवला, नळी दातांत धरली, ऑर्लीनचा हात घट्ट पकडला आणि तोंड पाण्यात घातलं.

ढोल थांबला. म्हणजे वर चालूच असेल, पण इथं फक्त त्याचा स्वतःचा श्वास होता, एखादा मोठा प्राणी शेजारी झोपल्यासारखा. खाली वाळूवर उन्हाची जाळी हलत होती. तो वर तरंगत होता आणि त्याची सावली खूप खाली, त्याला सोडून, आपल्या वाटेनं चालली होती. दोन वर्षं ठणकणारा खुबा कुठं गेला ते कळेना. पिवळ्या पट्ट्यांचे मासे आले, त्याच्या हॅटशिवायच्या टकलाकडं पाहून गेले. निळे आले. एक चपटा, कुंकवाच्या करंड्याएवढा मासा त्याच्या बोटांमधून आरपार गेला. थॅडला हसू आलं, नळीत पाणी शिरलं, ठसका लागला, ऑर्लीननं त्याला वर उचललं, आणि ठसका थांबायच्या आत त्यानं पुन्हा तोंड आत घातलं. एवढी वर्षं आपण या सगळ्याच्या छपरावरून नुसते येत-जात होतो, आणि खाली हा असा संसार चालला होता, याचं त्याला फार नवल वाटलं.

ऑर्लीन त्याला हळूहळू पुढं नेत होती. वाळू संपून गवत लागलं. गवत एका अंगाला झुकत होतं, पुन्हा दुसऱ्या अंगाला. मग समोरच्या धूसर निळ्यात एक लांबट काळोख दिसायला लागला आणि जवळ गेल्यावर तो होडी झाला.

होडी सरळ उभी होती. तिच्यावर शेवाळ होतं, शिंपले होते, डोलकाठीच्या जागी पोवळ्याचा एक जांभळा समुद्रपंखा उगवला होता आणि डोलत होता. उन्हाची जाळी तिच्या अंगावरून सरकत होती, त्यामुळं ती चालल्यासारखी दिसे. आत माशांची गर्दी. शर्यतीच्या दिवशी होडीच्या काठावर पोरं दाटीनं बसतात तसे ते सगळे एका बाजूला झुकून होते. थॅडनं कौतुकानं पाहिलं. कुणाची का असेना, बांधणाऱ्याचा हात चांगला होता. मग त्याची नजर उजव्या बाजूच्या एका फळीवर गेली. बाकीच्या फळ्यांपेक्षा ती अरुंद होती आणि तिला स्क्रूची दोन जुनी भोकं होती. एका भोकातून बारकासा मासा तोंड बाहेर काढत होता.

ती फळी चर्चच्या जुन्या बाकाची होती. लाकूड कमी पडलं तेव्हा त्यानं पास्टरला विचारून आणली होती. भोकं बुजवायची राहिली, ती राहिलीच.

त्यानं भोकं पुन्हा मोजली. होडी चालली होती, तो चालला होता, कोण स्थिर आहे ते समजेना. ही इथं कशी? ही तर एक्झुमाला आहे. ही निळी आहे, हिनं एप्रिलमध्ये शर्यत जिंकली. आणि तेव्हाच त्याला जाणवलं की मुलगी पुढं न्यायची थांबलीय. ती होडीकडं बघतच नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती, आणि थॅडला उमजलं की तिनं त्याला मुद्दामच इथं आणलंय.

त्यानं डोकं वर काढलं, नळी थुंकली. ढोल परत सुरू झाला.

"कधीपासून?"

"तुम्ही हॉस्पिटलात होता ना, तेव्हाच्या वादळापासून." ऑर्लीनचा मास्क कपाळावर होता आणि डोळे लाल झाले होते. "डावी बाजू उरलीच नव्हती, बाबा. खडकावर आपटली. लोक चुलीला फळ्या न्यायला लागले होते. मग कंपनीवाले आले, मासे जमावेत म्हणून बुडवायला जुनी होडी हवी म्हणाले. मी हो म्हटलं."

"आणि मला काय सांगितलंस?"

"तुम्ही डोळे उघडले की आधी तिचंच विचारायचात. मला धीर झाला नाही. धक्क्यावरच्यांनाही मीच गप्प राहायला सांगितलं. मग तुम्ही ती निळी धरून बसलात. रोज धक्क्यावर सांगायला लागलात. आता तर कसं सांगू?"

"ती निळी कुणाची?"

"असेल कुणाचीतरी."

थॅडला संताप आला. एप्रिलपासून अख्ख्या धक्क्यावर तो दुसऱ्याच्या होडीची फुशारकी मारत होता, आणि त्याची स्वतःची इथं बुडून पडली होती. जमिनीवर असता तर काठी आपटून चालता झाला असता. पण इथं तो नारिंगी जॅकेटात बुचासारखा तरंगत होता आणि रागावून जायला कुठं जागाच नव्हती. त्यानं मुलीचा हात सोडला. ती दचकून पुढं आली, पण त्यानं तिला हातानंच लांब राहायला सांगितलं. पाठ फिरवता येत नव्हती, म्हणून त्यानं तोंड पाण्यात घातलं.

खाली पुन्हा शांत होतं. माशांना त्याच्या रागाचं काही नव्हतं. पाण्यानं त्याला आपसूक होडीच्या डाव्या अंगाला नेलं. तिथं खरोखरच भगदाड होतं, पण त्याच्या कडेनं दगड रचलेले होते. नीट बेतून, एकेक बसवून, होडी कलू नये असे. होडी बुडवणारे लोक असे दगड रचत नाहीत. कुणीतरी श्वास कोंडून पुनःपुन्हा खाली गेलं असणार. पाणी त्याला आणखी मागं घेऊन गेलं. मागची फळी त्याच्याकडं वळली, आणि तिच्यावर त्यानं पटाशीनं कोरलेली अक्षरं स्वच्छ दिसली. मिस एल्वा. सगळ्या होडीवर हाताएवढं शेवाळ माजलं होतं. फक्त तेवढी फळी घासून लख्ख ठेवलेली होती, भांडं घासावं तशी.

थॅड पाहत राहिला. जांभळा पंखा डोलत होता. वारा नाही, शिडं नाहीत, कुठं पोचायची घाई नाही, आणि तरी ती पुढं सरकतच होती. त्याला एल्वाची फार आठवण आली. मास्कमध्ये पाणी साचलं, ते बाहेरून आलेलं नव्हतं. मग त्यानं न बघताच हात मागं केला. ऑर्लीनचा हात लगेच त्यात आला.

दोघं वर आली तो शेजारी पाहुण्यांची एक टोळी येऊन तरंगत होती, सगळ्यांच्या नळ्या वर. त्यांना आणणाऱ्या गड्यानं ऑर्लीनला हाक मारली आणि सांग बाई यांना तुझी गोष्ट, म्हणाला. ही गोष्ट कंपनीनं ठरवून दिलेली होती. हे समुद्री चाच्यांचं जहाज, शेकडो वर्षांपूर्वी इथं बुडालं, वगैरे. ऑर्लीन ती झोपेतही म्हणू शकली असती. पण आज बापासमोर ती नुसती मास्कची पट्टी चाचपत राहिली.

"हेच ना ते चाच्यांचं जहाज?" खांदे भाजून लाल झालेल्या एका बाईनं विचारलं. "आणि एल्वा म्हणजे त्या चाच्याची प्रेयसी, असं आम्हाला बोटीवर सांगितलं."

"चाच्याची कसली? माझी बायको ती," थॅड म्हणाला.

पाहुणे खदाखदा हसले. एकानं पाण्यावर टाळ्या वाजवल्या. हा म्हातारा कंपनीनं करमणुकीसाठीच ठेवलाय असं त्यांना वाटलं. थॅडनं त्यांना हसू दिलं आणि मग सांगायला लागला. कण्याचं लाकूड रानात जाऊन कसं शोधलं ते. बाकाच्या फळीचं. शेवटून दुसरी आल्याचंसुद्धा सांगितलं, आणि वाऱ्याला दोष दिला नाही. हसणं हळूहळू थांबलं. नळ्या तोंडातून निघाल्या. त्या बाईनं खाली पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं की मग ती इथं खाली कशी आली.

ऑर्लीननं डोळे मिटून घेतले.

"म्हातारी झाली ती," थॅड म्हणाला. "लेकीनं आपल्याजवळ आणून ठेवलीय."