केळीच्या खोलीतले स्फटिक

जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या खासगी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा दोनदा जाहिरात देऊनही भरली नव्हती. माझे मार्गदर्शक निवृत्त झाले होते. जूनपर्यंत कोणी ज्येष्ठ माणूस मिळाला नाही, तर संशोधन केंद्राची मान्यता जाणार होती आणि तिच्याबरोबर माझी पीएच.डी.ची नोंदणी. त्यामुळे मे महिन्यात डॉ. सुलक्षणा मोरे हैदराबादहून मुलाखतीला येणार हे कळल्यावर त्यांच्यासाठी भरीत कुठून आणायचं, यावर विभागात बैठक झाली. मे महिन्यात चांगलं भरीत मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला.

विभागप्रमुख धनसिंग राजपूत सरांनी मला बाजूला घेतलं.

"प्रज्ञा, मॅडमना पुण्याहूनही बोलावणं आहे. त्यांना तुझं काम दाखव. फक्त केळ्यांचं बोलू नकोस."

"विचारलं तर?"

"मुलाखतीला आलेलं माणूस केळ्यांबद्दल विचारतं का?"

माझं काम तांब्याच्या एका संयुगाचे स्फटिक वाढवण्याचं. द्रावण बाटलीत घ्यायचं, तोंडाला फॉइल लावून त्याला सुईने भोकं पाडायची आणि बाटली थंड, स्थिर जागी ठेवून द्यायची. आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंश असतात आणि वीज गेली की फ्रीजही त्याच दिशेने निघतो. म्हणून मी बाटल्या एरंडोलजवळ उखर्डू नानांकडे ठेवते. नाना वडिलांचे मित्र, त्यांची केळी पिकवायची खोली आहे. तिथे बारा महिने सतरा अंश असतात. वीज गेली की जनरेटर लगेच चालू होतो, कारण आत केळी असतात.

मॅडमनी प्रयोगशाळा पाच मिनिटांत पाहिली. स्फटिकांत कोणतं मूलद्रव्य किती निघालं, त्या माझ्या तक्त्यापाशी मात्र थांबल्या.

"हिशोबापेक्षा कार्बन जास्त येतोय."

"हो मॅडम. आधीचे सर म्हणायचे, द्रावकाची घाण राहिली असेल."

"प्रत्येक नमुन्यात तेवढाच जास्त? घाण इतकी शिस्तीत नसते. वाढवले कुठे हे?"

राजपूत सर खिडकीबाहेर बघू लागले. फ्रीजमध्ये, एवढंच म्हणायचं होतं. पण उत्तर शोधायला निघालेल्या माणसाला चुकीचा पत्ता देणं मला जमलं नाही.

"केळी पिकवायच्या खोलीत."

"मॅडम, जेवण तयार आहे," सर म्हणाले.

"जेवण नंतर. खोली किती लांब आहे?"

आम्ही सरांच्या गाडीतून गेलो. सर वाटेत एरंडोलबद्दल काही चांगलं सांगता येतं का ते पाहत होते. उखर्डू नाना मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि म्हणाले, "दार लवकर लावा अक्का, गॅस निघी जास."

"कोणता गॅस, नाना?" मॅडमनी विचारलं.

"केळं पिकाडाना." त्यांनी कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. मग माझ्या बाटल्यांच्या फळीकडे. "केळं चार दिनमा पिकी जास. हाई पोरनं तीन साल झायात, आजून काही पिकनं नही."

सर पहिल्यांदाच हसले.

सिलिंडरवर मोठ्या अक्षरांत इथिलीन लिहिलेलं होतं. मी त्याला वळसा घालूनच रोज फळीपाशी जायचे. पण त्याला सगळे गॅस म्हणत, म्हणून मीही गॅसच म्हणत होते.

"इथिलीनच्या रेणूत कार्बन किती?" मॅडमनी मला विचारलं.

"दोन." मग मी मनातल्या मनात तक्त्यावरचा हिशोब केला. "फॉइलच्या भोकांतून गॅस आत गेला असेल आणि तांब्याने तो धरून ठेवला असेल."

"असेल. किंवा खरंच घाण असेल. अर्ध्या बाटल्या गॅस नसलेल्या खोलीत वाढवल्याशिवाय सांगता येणार नाही." त्यांनी एक बाटली उजेडासमोर धरली. "पुण्यात फार चांगला फ्रीज आहे. तिथे हे झालंच नसतं."

हे पुण्याच्या बाजूने होतं की विरुद्ध, ते सरांना कळलं नाही. मलाही नाही.

दुपारी निवड समितीने त्यांना कोणत्या सुविधा लागतील असं विचारलं. त्यांनी एक फ्रीज, त्याला स्वतंत्र जनरेटर आणि नानांच्या खोलीतली आणखी एक फळी मागितली. समितीतल्या एकांनी फळी कसली, असं विचारलं. सर म्हणाले, "आमची एरंडोलची शीत प्रयोगशाळा आहे ना, तिथली."

मॅडम जूनमध्ये रुजू झाल्या. मान्यता राहिली, नोंदणी राहिली. माझं तीन वर्षांचं काम मात्र त्यांनी पहिल्यापासून पुन्हा करायला लावलं.

नव्या फ्रीजसाठी अर्ध्या बाटल्या न्यायला गेले, तेव्हा नानांनी खोका उचलून दिला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

"तठे गॅस नही, पोरी. तठे काही पिकाव नही."

"पिकायला नकोच आहे, नाना," मी म्हटलं. "तेच बघायचंय."