सामाईक भिंत

भिंत फोडली त्या दिवशी शेजारच्या काकू नाकाला रुमाल लावून आमच्यात उभ्या होत्या. "अजून वर घे रे, दादाचं डोकं आपटेल," असं गवंड्याला सांगत होत्या. त्यांच्या घराचा करार झाला होता, आम्ही विसार दिला होता, खरेदीखत तेवढं बाकी होतं. त्यांची मागची खोली आमच्या बाहेरच्या खोलीला लागून होती. मधली भिंत उघडली की बाबांना ती मिळणार होती.

बाबांची मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. आठवड्यातून तीनदा दवाखान्यातल्या यंत्रावर त्यांचं रक्त स्वच्छ होतं आणि दर वेळी हृदय आणखी थकतं. डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. पोटात नळी बसवायची आणि दिवसातून चार वेळा घरीच, जुनं द्रावण काढून पिशवीतलं नवं आत सोडायचं. हृदयाला सोसेल असं एवढंच उरलं होतं. त्यासाठी स्वच्छ आणि दार बंद होणारी खोली हवी. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत जिवाणू मोजते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी धूळ गेली तर काय होतं ते मला कुणी समजावायला नको. आणि आमच्या घरात धूळच आहे. दादा सोफे शिवतो. बाहेरच्या खोलीत तो फोम कापतो, जुन्या गाद्या उसवतो आणि त्याचा भुसा स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही बसतो. घर पाहायला आलेल्या नर्सने कपाटावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथे नाही जमायचं."

मग काकूंनी शब्द फिरवला. त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या. विसाराचे पैसे त्यांनी जावयाला दिले, त्याने त्यातून गच्चीवर खोली बांधली आणि तिच्यात स्वतःच्या आईला आणून ठेवलं. हे काकूंनी आम्हाला भगदाडातूनच सांगितलं.

"मी घर विकत नाही. जाऊ कुठे मी? हे बुजवून घ्या."

एवढं बोलून त्यांनी पलीकडून कपाट सरकवलं.

वकीलबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं. "कोर्टाकडून तिला खरेदीखत करायला लावता येईल," त्या म्हणाल्या. "करार पक्का आहे. नाहीतर विसार परत आणि वर नुकसानभरपाई. किंवा आपसात मिटवा."

"खरेदीखताला किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"वर्षं."

"किती?"

"आकडा नाही देता येणार गं. वर्षं."

"मग निकाल माझ्या फोटोला वाचून दाखवा," बाबा म्हणाले.

विसाराचे पैसे जावयाच्या विटांत गेले होते, काकूंकडे द्यायला काही नव्हतं. राहता राहिलं आपसात मिटवणं.

"तिथे जपून," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही खरेदीला सतत तयार होतात, हे दिसलं पाहिजे. खोली उपकार म्हणून घेतलीत, तर ती म्हणेल की यांनी खरेदीचा नाद सोडला होता. आणि ते भगदाड बुजवू देऊ नका. विकायचं मनात नसताना कुणी स्वतःच्या घराची भिंत फोडू देतं का?"

आम्ही दावा लावला. भगदाड तसंच राहिलं. कपाटाच्या फळीतून खोकलासुद्धा ऐकू यायचा.

"काही लोकांना दिल्या शब्दाची चाड नसते," दादा मुद्दाम मोठ्याने म्हणायचा.

"काही लोकांना मशीन हळू चालवायची अक्कल नसते," पलीकडून उत्तर यायचं.

एका सकाळी कपाट बाजूला झालं. तोच गवंडी विटा घेऊन काकूंच्या बाजूला उभा होता. बाबांनी खुर्ची ओढली आणि भगदाडाच्या मधोमध मांडून बसले.

"काका, उठा ना," गवंडी म्हणाला. "मला दोन्हीकडून शिव्या."

बाबा हलले नाहीत. काकू तणतणत पुढे आल्या आणि थांबल्या. त्यांनी बाबांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"पाय किती सुजलेत हो तुमचे," त्या म्हणाल्या. मग गवंड्याला परत पाठवून माझ्याकडे वळल्या. शाळेपासून त्या मला टेस्टट्यूब म्हणतात.

"टेस्टट्यूब, खरं सांग. खोली वापरायला दिली तर केस मागे घ्याल?"

दादाने मला डोळ्यांनी दटावलं, हो म्हण. हो म्हणणं सोपं होतं. पण खोटं कधीतरी उघडं पडणार, आणि तेव्हा बाबांच्या पोटात नळी असणार. ती बसल्यावर खोली गेली तर काय करायचं?

"नाही, काकू. केस चालू राहील. आमच्या बाजूने निकाल लागला तर तुम्हाला घर सोडावं लागेल."

दादाने कपाळावर हात मारला. काकूंनी पुन्हा बाबांच्या पायांकडे पाहिलं.

"देते खोली," त्या म्हणाल्या. "पण इथे दार बसवायचं. कडी माझ्या बाजूला."

"आणि कडी काढलीच नाही तर?" दादा म्हणाला.

"तर पाठव अजून एक नोटीस. सवय झालीये मला."

वकीलबाई फोनवर चिडल्या. असं घेतलं की ती नुसती परवानगी झाली, हक्क नाही. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तुमचं बरोबर आहे, वकीलबाई. पण मला पिशवी बदलायची आहे."

नळी बसली. बाबा दार वाजवतात, कडी निघते, काकू पंखा बंद करून आपल्या स्वयंपाकघरात जातात. सूज उतरली आहे.

काल दाव्याची तारीख होती. दादा कोर्टात गेला, मी रजा घेऊन बाबांजवळ राहिले. दुपारी मी पिशवी कोमट केली, हात धुतले, बाबांनी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. काकूही कोर्टातच होत्या. आम्हीच बोलावलं होतं.

थोडा उशीर झाल्याने मोठं काही बिघडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी जिन्यावरची पावलं ऐकत होते. बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले, ती गार होऊ नये म्हणून दोन्ही हात तिच्यावर ठेवून.

दादाच्या आधी काकू आल्या. धापा टाकत, चपला न काढता त्यांनी कडी काढली.

"पुढची तारीख पडली," त्या म्हणाल्या. "कडी काढून जाणार होते. पण मग कडी बसवली कशाला, असं वाटलं." त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली. "पुढच्या तारखेला काय करायचं?"

मी पुन्हा हात धुवायला गेले.