पाणीपाळीचे पुकारे

गोरेगावच्या वाचनालयातून पुस्तकं न्यायला कुणी फारसं फिरकत नाही, पण जुन्या कॅसेटी आणून टाकायला मात्र लोकांनी रांग लावली. घरातली अडगळ जाते, वर देणगीदारांच्या फळ्यावर नाव लागतं. नागपूरची एक संस्था त्या साफ करून कायमसाठी संगणकावर चढवून देणार होती. अट एकच होती. प्रत्येक कॅसेट कोणत्या तरी प्रकाराच्या शीर्षकाखाली नोंदलेली हवी. 'इतर' म्हणून पाठवलेली परत येणार.

ती शीर्षकं ठरवायचं काम ग्रंथपाल दुर्गेश्वरी पटलेच्या गळ्यात पडलं. अध्यक्ष ईश्वरदासजींनी एका बैठकीतच यादी सांगून टाकली होती: शेती, धर्म, समाज. दुर्गेश्वरीनं हात जोडले.

"सर, हे विषय झाले. कॅसेट कशाबद्दल आहे ते वेगळं आणि ती स्वतः काय आहे ते वेगळं. दारूबंदीवरची दंडार ही दंडारच, नाचगाण्याचा खेळच. लोक ती दंडार म्हणूनच मागतात."

"ठीक है मॅडम, आप देखो," म्हणून ईश्वरदासजी दुकानात गेले, ते पुन्हा त्या विषयाकडे फिरकले नाहीत.

तीन महिने खपून तिनं दंडार, लग्नाची गाणी, कीर्तन, प्रचाराची भाषणं अशी सोळा शीर्षकं पक्की केली. शिवाय एक नियम केला: किमान तीन कॅसेटींत सापडल्याशिवाय नवं शीर्षक नाही. नाहीतर प्रत्येकाच्या आजोबांच्या खोकल्याला एकेक शीर्षक द्यावं लागलं असतं. या नियमावर बोट ठेवून तिनं कालच शालीकराम गुरुजींच्या बोलक्या पोपटाची कॅसेट परत केली होती, आणि गुरुजी फुगून बसले होते.

आज सुभद्राबाई कापगते आल्या. त्यांनी नवऱ्याच्या, म्हणजे मनिरामच्या, अकरा कॅसेटी दिल्या होत्या. दहा यादीत बसल्या, अकरावी 'इतर'च्या खोक्यात पडली होती.

"पोरी, हे काऊन बाजूले ठेवलंस?"

"आजी, हे कोणत्याच प्रकारात बसून नाही राहिलं. नुसती नावं पुकारलीत. बुरशी लागली आहे, टेपमध्ये घातली की करकरते. दोन मिनिटांच्या वर ऐकूच नाही आली."

"बाकीच्या दहा फेकून दे, पन हे जाऊ देऊ नोको." म्हातारी खुर्चीवर बसली. "राहुलचे बाबा गावचे पाणकर होते. तलावाचं पानी उद्या कोनाच्या धानाच्या बांधीत जाईल, ते दिवस बुडता गल्लीगल्लीत पुकारत. ज्याचं नाव, त्यानं घरातून ओ द्यायची. तीन हाकेत ओ नाई आली तं पाळी दुसऱ्याले. मंग लोक भांडत, मले पुकारलंच नाई म्हनून. म्हनून गळ्यात टेप अडकवून फिरत. पुरावा."

"आणि ही कॅसेट?"

"लग्नाले बावीस वर्षं झाली होती, पन माहं नाव कधी तोंडातून काढलं नाई. राहुलची माय, आइकून राहिली का, बस्स एवढंच. त्या साली माह्या बापाची बांधी माह्या नावावर चढली. मंग काय करतील? नियम म्हनजे नियम. गल्लीत उभे राहून मले नाव घेऊन हाक मारली. तीनदा."

"मग तुम्ही ओ दिली?"

"लाज नाई का वाटत? कवाडाच्या मागं उभी होती. पाळी पुढच्या नावाले, भोजराजले गेली. पुढच्या उन्हाळ्यात राहुलचे बाबा गेले."

दुर्गेश्वरीनं ती कॅसेट 'इतर'च्या खोक्यातून काढून हातात घेतली. नियम तिचाच होता. म्हातारीसाठी तो मोडला तर गुरुजींच्या पोपटानं काय घोडं मारलं होतं? खोट्या नावाखाली कॅसेट सरकवायचीही तिची तयारी नव्हती. तिनं सहज विचारलं, "पुकारे एवढ्या एकाच कॅसेटवर भरले का त्यांनी?"

"एकाच कायले? दर साली भरत. तुह्याच जवळ हायेत न! लग्नाचे गाणे सरले का उरल्या फितीत पुकारा. कोरी फीत ठेवत नव्हते ते."

"आधी सांगायचं न, आजी!"

"तू इचारलंच कवा?"

खरंच होतं. दुर्गेश्वरीनं प्रत्येक कॅसेट पहिली दहा मिनिटं ऐकून वर चिठ्ठी डकवली होती. त्याच दिवशी तिनं दहाही कॅसेटी शेवटापर्यंत लावल्या. चारांच्या शेपटाला मनिराम निघाला. मांडवातल्या बायकांचं हसणं संपलं की लगेच, "आइका हो, उद्याची पाळी!" आणि लांबून कुणाची तरी ओ.

सतरावं शीर्षक पडलं: पाणीपाळीचे पुकारे. खाली तिनं टीप लिहिली: पाणकराची हाक आणि घरातून आलेली ओ, गीत नव्हे, भाषण नव्हे. मग गुरुजींना फोन करून विचारलं, पोपटाच्या आणखी दोन कॅसेटी आहेत का. नव्हत्या.

दोन महिन्यांनी नागपूरहून साफ झालेला आवाज आला. सुभद्राबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि संगणकासमोर पदर सावरून बसल्या. मनिराम एकेक नाव घेत होता, ओ येत होती. मग तो थांबला. घसा खाकरल्याचं ऐकू आलं.

"सुभद्राची बांधी!"

ओ आली नाही. कुठेतरी बैल हंबरला.

"सुभद्राची बांधी!" आवाज थोडा खाली आला होता.

म्हातारीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"सुभद्रा!" तिसऱ्यांदा बांधी नव्हतीच, नुसतं नाव होतं.

"ओ!" सुभद्राबाई ओरडल्या. वर्तमानपत्र वाचणारे दोघं दचकून वळले.

मनिरामनं पुढचं नाव घेतलं, भोजराजचं. भोजराजची ओ लगेच आली. दुर्गेश्वरीला रडू आवरेना. तिनं आवाज बंद केला आणि म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला.

सुभद्राबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"मागं घेता येते का याले?"

"येते न, आजी. पाहिजे तितक्या वेळा."

"मंग घे," त्या म्हणाल्या. "आता पयल्याच हाकेले ओ देईन."