पाणी ओलांडलं की उतरणारा मंत्र

रविवारची मिस्सा संपली की निम्मं गाव घरी न जाता ओढ्यावरचा पूल ओलांडायचं आणि थेट तेओफीलच्या तबेल्यापुढे जमायचं. बायका पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसायच्या, पुरुष कुंपणाला रेलायचे, बियरचे डबे फुटायचे. मग तेओफील सावकाश, नवरीला मांडवात आणावं तशी एकेक घोडी बाहेर काढायचा.

त्या रविवारी बाहेर आली ती सेरीझ, माझ्या धाकट्या भावाची, ओव्हीदची घोडी. जूनच्या सुरुवातीला तिच्याकडे बघवत नव्हतं. आयाळीच्या जागी नुसत्या ओल्या खपल्या, शेपटीचं मूळ खांबाला घासून घासून रक्ताळलेलं. आता खपल्या गळाल्या होत्या आणि मानेवर नवे केस ब्रशासारखे ताठ उभे होते.

"बघा, एकदासुद्धा अंग घासत नाहीये!" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या घोड्याला तर यांनी नुसता हात लावला होता," म्हातारी क्लोतील म्हणाली. "त्याच दिवशी खाज बंद."

"तो तर मेला ना गं?"

"मेला. पण खाजवत नव्हता."

तेओफीलने हात वर केला आणि सगळे गप्प झाले. त्याचं बोलणं आम्हाला पाठ होतं, तरी लोक दर वेळी नव्यानं ऐकायचे. "खाज चामडीत नसते हो. चामडी बिचारी निमित्ताला. खाज असते रक्तात, उन्हाळ्यात जागी होते. मी तिला मारत नाही. मी तिला या दोरीत बांधतो." मग घोडीच्या गळ्यात नऊ गाठींची दोरी, आणि फ्रेंचमध्ये पुटपुटणं. त्यातलं निम्मं देवाला कळत असेल, उरलेलं त्यालाही नाही.

मंत्र घालणारे आमच्या लुइझियानात पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्या अटीही सगळ्यांना ठाऊक आहेत. पैसे द्यायचे नाहीत. आभार मानायचे नाहीत, 'थँक यू' तोंडातून गेलं की गुण गेला. आणि मंत्र पाण्यापलीकडे चालत नाही. तेओफीलने पदरची एक अट जोडली होती. सूर्य कलला की त्याच्या तबेल्याकडे कुणी फिरकायचं नाही, ती त्याची प्रार्थनेची वेळ.

गाव ओढ्याच्या या बाजूला आणि तेओफील त्या. त्यामुळे बरी झालेली घोडी पुलावरून घरी आली की आठवड्याभरात पुन्हा खांब शोधायला लागायची. मालक तोंड पाडून परत जायचा. तेओफील उसासा टाकायचा. "पाण्यापुढे माझं काय चालणार बाबा? जनावर माझ्याकडे ठेव. वैरण मी घालीन. ते माझ्या नावावर केल्याचा कागद तेवढा करून दे, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको." अशा पाच घोड्या त्याच्याकडे जमल्या होत्या. शनिवारी ह्यूस्टनहून येणारी हौशी मंडळी त्यांच्यावर बसून फेरफटका मारायची, आणि ती काही फुकट बसत नव्हती. पण पैसे मंत्राचे थोडेच होते, तेव्हा गावाला त्यात वावगं दिसत नव्हतं.

मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. गावातल्या प्रत्येक थोतांडाची मी टिंगल केली आहे. तेओफीलची मात्र करवत नव्हती, कारण तो माझा पारँ. बाप्तिस्म्याच्या दिवशी मला हातात धरणारा माझा धर्मबाप; माझं ऐकून ओव्हीदही त्याला पारँच म्हणायचा. वडील गेल्यावर मला घोड्यावर बसायला यानंच शिकवलं. तेव्हा माझ्या मनात तो भाबडा होता. मंत्रावर त्याचा स्वतःचाच विश्वास आहे, असं मी धरून चालले होते.

"पुढच्या रविवारी कागद करतोय," परतताना ओव्हीद म्हणाला.

"सेरीझचा? वेडा आहेस का तू?"

"मग काय करू, ताई? दोनदा घरी आणली, दोनदा रक्तबंबाळ झाली. तिथे बरी राहते तर राहू दे तिथे." बायको, बर्थ, वारल्यापासून तो घरात कुणाशी बोलत असेल तर त्या घोडीशी. बर्थनेच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

आणि जनावराची हयगय करणाऱ्यांतला तो नव्हे. पशुवैद्यानं 'किड्यांची ॲलर्जी' असं सांगितल्यापासून दिवसभर गोमाश्या असतात म्हणून सेरीझला आत ठेवायचा आणि ऊन उतरलं की गारव्याला बाहेर सोडायचा. आमच्याकडे सगळेच तसं करतात. गावाभोवती भातखाचरं आणि झिंग्यांची तळी, गोमाश्यांना तोटा नाही.

त्याच आठवड्यात वादळ झालं आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंची वीज गेली. म्हातारा एकटा काय खात असेल म्हणून तिसऱ्या दिवशी मी भेंडीचा गंबो, आमच्याकडचं दाट कालवण, डब्यात भरला आणि निघाले. वाटेत झाडं पडलेली, त्यामुळे पोचेपर्यंत दिवस मावळायला आला. प्रार्थनेची वेळ आठवली, पण उपाशी माणसाला कसली आलीय प्रार्थना, म्हणून आत गेले.

तबेल्यातून धडाधड आवाज येत होते. दारं सताड उघडी, वारा बिलकूल नाही. सहाच्या सहा घोड्या खांबांना अंग घासत होत्या. गळ्यात नऊ गाठींच्या दोऱ्या तशाच. सेरीझच्या मानेवरून रक्ताचा ओघळ आला होता. पाणी कुणीही ओलांडलेलं नव्हतं.

आणि माझा पारँ मंत्र म्हणत नव्हता. तो गुडघ्यावर होता, पण समोर क्रूस नव्हता, जनरेटर होता.

"पोरी, बरी आलीस! गाडीत पेट्रोल आहे का?"

"पारँ, घोड्या बघा की! दोरीला हात लावून काहीतरी म्हणा तरी!"

"दोरी राहू दे गं! पेट्रोल काढ आधी!"

मी नळी घालून पेट्रोल काढून दिलं. जनरेटर खोकला आणि चालू झाला. वरचे पंखे घरघरू लागले. कोंबड्यांच्या शेडमध्ये असतात तसले ते मोठाले पंखे प्रत्येक रविवारी सगळ्या गावानं पाहिलेले होते. उकाड्यासाठी असतील, एवढंच वाटायचं. मी दाराबाहेर उभी होते तर माझी मान आणि कानामागची जागा आगीसारखी चुरचुरत होती. आत वाऱ्यात गेले आणि चुरचुर थांबली. पुन्हा बाहेर आले, पुन्हा सुरू. हातावर बारीक काळे ठिपके बसले होते, मिरपुडीएवढे.

चिलटं. ती ओल्या चिखलात वाढतात, तिन्हीसांजेला आणि पहाटे निघतात, आणि इतकी दुबळी की साध्या वाऱ्यातही त्यांना उडता येत नाही. काही घोड्यांना त्यांची लाळ सोसत नाही. एक चावा आणि सगळं अंग पेटतं. ओव्हीद गोमाश्यांपासून वाचवायला घोडीला आत ठेवत होता आणि नेमकी चिलटांच्या वेळेला बाहेर सोडत होता. पारँ त्या वेळेला दारं लावून पंखे चालवत होता. मंत्र एवढाच होता.

घोड्या हळूहळू शांत झाल्या. मी डबा खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"चिलटांचं. पंख्यांचं. म्हणून सूर्य कलल्यावर कुणी यायचं नाही!"

तो हात पुसत राहिला. "एका पशुवैद्यानं सांगितलं होतं. फार पूर्वी."

"मग गावाला का नाही सांगितलंत?"

"पंखा घ्या म्हणून सांगायला तेओफील कशाला लागतो? दुकानदारही सांगेल. मग रविवारी माझ्या दारात येईल कोण?"

"आणि ओव्हीद? तो रडतोय हो घरी."

"चार दिवस रडेल. एकट्या माणसाला झेपते का घोडी? माझ्याकडे सुखात राहील." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसाच. "तू शहाणी आहेस. तू घरातली आहेस. घरातल्याचं बाहेर बोलत नाहीत."

इतका संताप मला कधी आला नव्हता. ओळखीचा भाबडा म्हातारा समोरून नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी हा कोण उभा होता, कळेना. मी तो हात बाजूला केला आणि निघाले. गाडीत बसल्यावर रडू आलं.

रविवारी नेहमीसारखी गर्दी जमली. तेओफीलने कागद पुढे केला. ओव्हीदनं तो घेतला नाही. त्यासाठी मी रात्रभर त्याच्याशी भांडले होते.

"थँक यू, पारँ," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "थँक यू! थँक यू!"

क्लोतीलने तोंडावर हात धरला. ओव्हीदनं दोरी सोडून कुंपणाला अडकवली, घोडीची म्होरकी धरली आणि सगळ्यांदेखत चालत पुलाकडे निघाला.

मी थांबले आणि वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. चिलटं, वेळ, वारा, जनरेटर. "दोरी सोडली, आभार मानले, पाणी ओलांडलं. मंत्र उतरवायचं ते सगळं केलं. आता आम्ही फक्त दिवेलागणीच्या आधी तिला आत बांधणार आणि पंखा लावणार. भाताची कापणी होईतो रोज येऊन बघा. घोडी पुन्हा सोलून निघाली तर मी स्वतः तिला इथे आणून बांधीन."

"बाप्तिस्म्याला जिला हातात घेतलं, ती ही," तेओफील गर्दीला म्हणाला. बऱ्याच माना त्याच्या बाजूनं हलल्या.

लोक रोज आले. आम्ही सेरीझला ऊन वर आल्यावर बाहेर सोडायचो, अंगावर बारीक जाळीची झूल घालून. तबेल्यामागचं डबकं बुजवलं. जुन्या जखमा चुरचुरायच्या तेव्हा ओट्स भिजवलेल्या गार पाण्यानं धुवायचो. कापणीच्या सुमारास तिची आयाळ बोटभर वाढली होती. तेओफीलने सांगून पाहिलं की या खेपेला त्याचा मंत्र इतका कडक लागला की पाण्यालाही उतरवता आला नाही. काहींना ते पटलं. पण तेही जाताना दुकानातून पंखा घेऊन गेले, आणि कागद परत मागून घेत एकेक करून पाची घोड्या मालकांनी घरी नेल्या.

एका संध्याकाळी ओव्हीद घोडीला आत बांधत होता. मी जरा फुशारकीतच होते.

"ताई," तो म्हणाला, "मंत्र खोटा निघाला याचं मला काही नाही. मला तो ऐकायला आवडायचा. त्यानं पंख्याचं सांगितलं असतं आणि वर मंत्रही घातला असता, तरी मी दर रविवारी गेलो असतो. पण ती रक्तबंबाळ होऊन दोनदा त्याच्या दारात आली, आणि हा माणूस तिच्याकडे बघून उसासे टाकत होता."

मी पंखा लावला आणि दार ओढून घेतलं.

म्हणून सांगते. जनावराचं दुखणं असो की लेकराचं, कुणाकडेही न्या, पण गुण आला तर तो कशानं आला ते विचारा. सांगणारा अटी घालू लागला तर एकेक अट मोडून बघा. आणि तो घरचा असेल, त्यानं तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं असेल, तर परक्याला विचाराल त्याहून जास्त विचारा. माहीत असूनही तो गप्प बसला असेल, तर ते तुम्हाला त्याच्याच तोंडून ऐकावं लागेल. ते ऐकणं सोपं नसतं, पण घोडीनं सोसलं त्याहून ते थोडंच असतं.