तिसरी चावी

मास्तरांच्या दाराचं कुलूप कुणी फोडलेलं नव्हतं. मास्तर भाजी घेऊन घरी आले, तेव्हा शिपाई आत त्यांच्याच खुर्च्यांवर बसले होते. भाजीची पिशवी उंबऱ्यावर राहिली आणि मास्तर जीपमधून गेले. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली एकच बोलत होती, कुलूप चावीवाल्याच्या दुकानातलं आहे.

शेजारच्या मोठ्या देशाचं सैन्य आमच्याकडे शांतता राखायला आलं होतं. आपल्याच सरकारनं बोलावलं, असं रेडिओ सांगायचा. त्या सरकारला कुणी बसवलं, ते मात्र सांगायचा नाही. ओसरी मिळाल्यावर पाहुण्यांनी हातपाय पसरले आणि जो तो आपल्या दाराची कडी दोनदा तपासू लागला. माणसं माणसांकडेही तशीच बघू लागली.

चावीवाल्याची वडिलांपासून चालत आलेली एक रीत होती. कुलुपाच्या दोन चाव्या गिऱ्हाइकाला, तिसरी दुकानातल्या खिळ्यावर. चावी हरवली की लोक हसत यायचे आणि तिसरी घेऊन जायचे. खिळ्यांवर नाव नाही, नंबर नाही, सगळं याच्या डोक्यात. त्याचा त्याला भारी अभिमान. आता लोक त्याच भिंतीकडे वाकड्या नजरेनं बघत होते.

त्यानंही दिवा लावून बघितलं. मास्तरांचा खिळा रिकामा होता.

गेल्या आठवड्यात त्या सैन्याचा एक अधिकारी बॅगेचं कुलूप दुरुस्त करून घ्यायला आला होता. गोडबोल्या माणूस, आपली भाषा बोलणारा. एवढ्या चाव्या ओळखता तरी कशा, म्हणाला, आणि आमचा गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. ही डॉक्टरांची, ही मास्तरांची, ही माझ्या ताईची. मग तेलाची बाटली आणायला आत गेला. ते त्याला आता आठवलं.

सकाळी सगळ्या चाव्या पिशवीत भरून तो घरोघर परत द्यायला निघाला. डॉक्टरांनी चावी घेतली आणि अशा आणखी किती करून ठेवल्यात ते विचारलं. शिंपिणीनं दार उघडलंच नाही, खिडकीतून नुसता हात आला. चोराच्या मनात चांदणं, असं मागून कुणीतरी म्हणालं. तो पुढच्या घराकडे वळला.

शेवटी ताईचं घर. तिच्यापुढे तो खोटं बोलू शकला नसता.

"ताई, मास्तरांची चावी मीच दाखवली. विकली नाही गं. मोठेपणा मिरवायला दाखवली."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तू विकणारा नाहीस, हे मला सांगायला नको, असं म्हणत तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं चावी पुढे केली. ती तिनं घेतली नाही.

"आता ती लागत नाही रे."

तेव्हा कुठे त्याचं दाराकडे लक्ष गेलं. कुलूप दुसऱ्याच दुकानातलं होतं.

"कधी बसवलंस?"

"मागच्या महिन्यात. सून ऐकेना. घरात लहान पोर आहे."

मागच्या महिन्यात मास्तर घरीच होते आणि तो अधिकारीही दुकानात आला नव्हता. त्याला फार लागलं. ज्यानं बसवलं होतं त्यानं स्क्रू ढिले ठेवले होते. यानं खिशातून पेचकस काढला आणि ते एकेक करून घट्ट आवळले.

"लावून बघ," म्हणाला, आणि ताई चावी काढेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.