राखणदाराचं पान

रुक्मिणीकाकूने दादूच्या चहात बोट बुडवलं आणि चोखून बघितलं. चहा दादूच्या हातात होता. दादू तो पीत होता.

"शेळयेचा दूध आसा," काकू म्हणाली.

"म्हशीचा आसा गो! भैय्याकडचा!" दादू उडालाच. "रत्ने, तांब्यो दाखव हिका!"

आतून दादूची बायको, रत्नप्रभावहिनी, दुधाचा तांब्या घेऊन आली. काकूने त्यातही बोट बुडवलं. वहिनीने तांब्या तसाच मोरीत ओतला आणि म्हणाली, "दूध ओतलंय. पण तुझो आळ आमच्या घरात रवलो, तेचा काय करू?"

अशी त्या वर्षी भांडणाला सुरुवात झाली.

भांडुपच्या डोंगराच्या उतारावर आमची उंबरवाडी. सगळे कोकणातले, सगळे मिलवाले, आणि संपामुळे सगळे घरी. खाली स्टेशन, सोसायट्या, मुंबई. वर आम्ही, आमच्या कोंबड्या, लाल भाजीचे वाफे आणि रुक्मिणीकाकूची शेवंती. भाद्रपद सरत आला होता. तांबडी माती पायाला चिकटून घरात यायची, ऊन पडलं की अख्ख्या उतारातून वाफ निघायची, आणि पुरुषमाणसं दारात बसून ती वाफ बघायची. दुसरं काम नव्हतं. गुणाजीकाका, म्हणजे काकूचा नवरा, मिलमध्ये साच्यावर कापड विणत पंचवीस वर्षं उभा राहिलेला माणूस. त्याला बसायची सवय नव्हती. तो उभ्यानेच वाफ बघायचा.

शेवंती ही काळी, कानावर पांढरा ठिपका असलेली शेळी. तिच्या दुधावर काकाकाकूंची चूल पेटायची. सकाळी दूध काढून काकू खाली सोसायटीत जायची. तिथे बँकेतले विद्याधर सहस्रबुद्धे राहायचे. त्यांच्या पोटात अल्सर होता आणि शेळीच्या दुधाशिवाय तो गप्प बसत नसे. सहस्रबुद्ध्यांकडे लॅक्टोमीटर होता. लोक खिशाला पेन लावतात तसा ते तो लावायचे.

एके सकाळी तो दुधात उभाच राहीना, खालीच गेला.

"रुक्मिणीबाई," ते म्हणाले, "दूध निम्म्यावर आलंय आणि वर पातळ. मी काही बोलत नाही. पण हे यंत्र बोलतंय."

"मग यंत्राकच इचारा, पानी खयच्या नळाचा ता," काकू म्हणाली. "आमच्याकडे नळाक तीन दिवस पानी नाय. दुधात घालूक खयसून हाडू?"

हा मुद्दा बिनतोड होता. पण सहस्रबुद्ध्यांनी काकूकडे बघितलं आणि काकूने त्यांच्याकडे, आणि त्या बघण्यात दोघांचा विश्वास उडाला. ही बातमी काकूच्या आधी डोंगर चढून वाडीत पोचली. त्यामुळे शेवंतीचं वाडीतलंही एक गिऱ्हाईक तुटलं.

काकूने दूध पातळ केलेलं नव्हतं. तेव्हा तिने सरळ हिशोब मांडला: दूध कमी आहे, म्हणजे ते कोणीतरी काढतंय. शेवंती दिवसभर डोंगरावर चरून तिन्हीसांजेला खाली यायची. काकू तिला उंबराला बांधायची आणि दिवा लावून झाला की आत घ्यायची. एवढ्या वेळात चोराचं काम होतं. उंबराला सगळ्यात जवळचं दार दादूचं. म्हणून दादूचा चहा.

दादू म्हणाला, मी नाही, ही नजर आहे. रत्नप्रभावहिनी म्हणाली, नजर असेल तर ती गुणाजीकाकाची, कारण दिवसभर उभा राहून तोच बघत असतो. गुणाजीकाका त्या दिवसापासून पाठ फिरवून उभा राहू लागला.

शेवटी प्रकरण अंबादासकडे गेलं. अंबादास हा आमचा गाऱ्हाणं घालणारा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलणारा. वाडी वसली तेव्हा पहिल्यांदा आलेल्यांनी उंबराखाली एक दगड मांडला आणि 'तू आमचो राखणदार' असं त्याला सांगितलं. दगडाने हरकत घेतली नाही. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची: केळीच्या पानावर भात, वडे, नारळाची शकलं, एक विडी. तिन्हीसांजेला पान मांडायचं आणि मागे न बघता घरी यायचं. मागे बघितलं तर राखणदार कोपतो. त्यामुळे राखणदाराला जेवताना आजवर कोणी बघितलेलं नाही, आणि म्हणूनच तो जेवतो याबद्दल कोणाला शंका नाही.

अंबादासने डोळे मिटले, मान हलवली आणि विचारलं, "दूध कधी गो तुटला?"

"ह्या वर्षाची राखण दिली, तेच्या दुसऱ्या दिवसापासून," काकू म्हणाली.

"बघ! राखण कमी पडली."

दुसरा अर्थ कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. मी आयटीआय झालेला मुलगा. मला वाटलं, बरोबर, कमी पडली असेल.

काकूने त्या संध्याकाळी शेरभर तांदळाचा भात रांधून पान मांडलं, मागे न बघता आली, दिवा लावला, शेवंतीला सोडायला गेली. भात नाही. वडे नाहीत. विडी नाही. केळीचं पानसुद्धा नाही.

"पानासकट घेतल्यान!" काकू हरखली.

"गावचो राखणदार पान ठेवता," दादू संशयाने म्हणाला.

"हयची महागाय बघतंस मां?" गुणाजीकाका पाठमोराच म्हणाला. "तेचाव पोट भरूक होया."

दुसऱ्या दिवशी दूध आणखी तुटलं. अंबादास म्हणाला, भूक मोठी आहे. मग पुन्हा पान. शेवंती सकाळी डोंगरावर जायला नको म्हणायची, दारातच फतकल मारून बसायची. पोट डाव्या अंगाला फुगलेलं, लेंड्यांची पेंड झालेली. काकू तिच्या पुढ्यात फणसाचा पाला धरायची. ती जेवून आलेल्या पाहुण्यासारखी तोंड फिरवायची.

"करणी आसा ही," काकू मला म्हणाली. "जितराब पालो खायना, तर तेच्यार कोणीतरी काय तरी केल्यान."

केलं होतं खरं. पण एकाने नाही.

अखेर अंबादासने कौल लावला. दगडाला तांदूळ चिकटवले, त्यातला उजवा पडला, म्हणजे होकार. "तेका आता भात नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तेका ती शेळीच होई. अवसेक देवची."

वाडी एकदम भाविक झाली. राखणदाराला शेळी दिली की सागोती वाडीने खायची, असा रिवाज आहे, आणि संप सुरू झाल्यापासून वाडीने मटणाचा वासही घेतला नव्हता. ज्या घरांनी काकूला पाणीवाली म्हटलं होतं ती घरं येऊन तिची समजूत घालू लागली. दादू सर्वांत जास्त हळहळला. हळहळताना तो सुरी कोणाकडे आहे याची चौकशी करत होता.

 काकूने शेवंतीला आंघोळ घातली. शिंगांना तेल लावताना तिच्या कानावरचा पांढरा ठिपका अंगठ्याने घासत राहिली, जणू तो डाग आहे आणि निघेल. "ही गेली मां," ती गुणाजीकाकाला म्हणाली, "तर तू उभो ऱ्हव नायतर बस, चूल काय पेटूची नाय." गुणाजीकाका पहिल्यांदाच खाली बसला.

अमावास्येला दिवस मावळायच्या आत सगळे उंबराखाली जमले. सहस्रबुद्धेही डोंगर चढून आले. दुधाचं शेवटी काय झालं हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. शेवंतीच्या गळ्यात झेंडूची माळ. दगडासमोर मोठं पान. अंबादासने टोपी काढली, आम्ही माना खाली घातल्या, डोळे मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा!" अंबादासने सूर धरला. "आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इलीत, तेंचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मिलीचा भोंगा परत वाजव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज गुणाजीकाकाचा.

"ह्या शेळयेच्या दुधाक जो कोण आडवो इलो आसात, नजर लावल्यान आसात, खाल्ल्यान आसात, तेका आत्ताच्या आत्ता आमच्या समोर उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"होय महाराजा," सहस्रबुद्धे मागून शुद्ध म्हणाले.

आणि पुढून आवाज आला. करम्. करम्. करम्.

सगळ्यांनी डोळे उघडले. शेवंतीचे पुढचे दोन पाय दगडावर होते. स्वतःच्या गळ्यातली माळ तिने संपवली होती. पानावरचा भात संपवला होता. दाढीला शितं चिकटलेली, तोंडात नारळाचं शकल, आणि ओठाच्या कोपऱ्यातून विडी बाहेर आलेली. तिने आमच्याकडे बघितलं. मग पान खायला घेतलं.

 काकू आमच्याकडे वळली.

"माझा पान पाच-सा येळा. पण शेळयेचा पोट रोज फुगलेला. कोण कोण ठेवी होतास रे?"

दादूने जमिनीकडे बघितलं. "तू माझ्यार आळ घेतलंस म्हणान... मी बुधवारी वडे ठेवी होतंय. माका सुटका होई होती."

"मी आयतवारी," रत्नप्रभावहिनी म्हणाली. "ह्याच्यार माझो पण संशय होतो."

"भात. तूप घालून," गुणाजीकाका म्हणाला. "रोज."

"रोज? खयचा तूप?" काकू ओरडली. पण ते भांडण तिने पुढच्यासाठी ठेवलं.

सहस्रबुद्ध्यांनी घसा साफ केला. "मी या गोष्टी मानत नाही. एका गुरुवारी फक्त, पेढे. अल्सरसाठी."

अंबादास काय ठेवत होता ते कोणी विचारलं नाही. त्याचं स्वतःचंही वड्यांचं पुडकं अजून बगलेत होतं.

"गावाक पोरपणात बघलंलय," काकू डोक्याला हात लावून म्हणाली. "लग्नघरातलो भात शेळयो खाईत, नि चार दिस सडाक थेंब नाय येय. तांदळान पोट आंबता तेंचा. पालो सोडतत, मग दूध खयचा?"

"म्हणजे चोर गावलो!" दादूला एकदम उत्साह आला. "राखणदारान समोर उभो केल्यान! शेळीच चोर! मग काप अंबादासा, बघतंस काय?"

अंबादासचा हात कमरेच्या सुरीकडे गेला. वाडीच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटलं. गुन्हेगार बदलला होता, सागोती तीच होती.

काकू शेवंती आणि दगड यांच्या मधे उभी राहिली.

"एक सांग अंबादासा. दुसऱ्या कोणी राखणदाराचा पान खाल्ल्यान असता, तर काय झाला असता?"

"रगात वकलो असतो," अंबादास ताबडतोब म्हणाला. हा त्याचा विषय होता.

"हिना महिनाभर खाल्ल्यान. तेच्या समोर. तेच्या डोक्यार पाय ठेवन. हिका काय झाला? नुसतो पोटात वारो धरलो." काकूने सगळ्यांकडे बघितलं. "म्हणजे तेनाच हिका जेवूक बसवल्यान. ही तेची पावणी. आता, पावण्याक कापूचा आसात तर कापा. मी आडवी येत नाय. पण पयलो घाव कोण घालता ता माका बघूचा आसा."

अंबादासने सुरी दादूकडे दिली. दादूने ती सहस्रबुद्ध्यांकडे दिली. सहस्रबुद्ध्यांनी ती गुणाजीकाकाकडे दिली. गुणाजीकाकाने त्या सुरीने नारळ फोडला.

"माका ह्या पयलाच म्हायत होता," अंबादास म्हणाला आणि टोपी घालून पुन्हा काढली. "बा म्हाराजा, तुझी पावणी आमी वळाखली नाय, तर सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. आवाज जरा उपाशी होता.

काम इथे संपलं नाही. दुसऱ्या सकाळपासून वाडी पाहुणीच्या दारात रांग लावून: कोणाच्या हातात शिरा, कोणाच्या पुरी. काकूने सगळं हात जोडून परत पाठवलं आणि अंबादासकडून जाहीर करून घेतलं की पाहुणीला व्रत आहे. फणसाचा पाला, बोरीच्या डहाळ्या आणि सुकं गवत, याशिवाय काही चालत नाही. राखणदाराचं पान आता उंबराच्या वरच्या फांदीला टांगायचं. दुसऱ्या दिवशीही भात जागेवर दिसला तेव्हा वाडी हवालदिल झाली. राखणदाराचं जेवण तुटलं, म्हणाले. मग कावळ्यांनी लाज राखली.

पाला सुरू झाला. आधी लेंड्या सुधारल्या. मग एका सकाळी भांडं भरलं, आणि काकूला आत दुसरं आणायला जावं लागलं.

सहस्रबुद्ध्यांनी लॅक्टोमीटर बुडवला. तो ताठ उभा राहिला. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा बुडवला.

"रुक्मिणीबाई," ते म्हणाले, "एवढं दाट? मी काही बोलत नाही. पण यात काय घातलंय?"

"पालो," काकू म्हणाली.

त्यांचा विश्वास बसला नाही. अजून नाही. पण दूध घेतात.

काकू रिकामं भांडं घेऊन डोंगर चढताना मी बघितली. खुशीत होती, पण अर्ध्या वाटेत थांबली आणि काहीतरी विचार करू लागली. वर दादू दारात चहा पीत बसला होता. काकू सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आता इतक्या दूध येता," ती म्हणाली. "म्हणजे आधी पण इतक्याच येय असतला. सगळाच काय भातान गेला नसतला."

दादूने कप पुढे केला. काकूने पदराला बोट पुसलं आणि बुडवलं.